कणसूर

लुबोर आयुष्यभर तराजू तपासत आला.
ब्रनोच्या भाजीबाजारात काटा एका ग्रॅमने झुकला
तरी दुकानाला नोटीस.
बायका म्हणायच्या, अहो, एवढंसं तर आहे.
त्याला एवढंसंच दिसायचं.

संध्याकाळी घरी येऊन तो तेच ऐकायचा.

आमच्या बैठकीला भिंती नाहीत.
आहेत ती फडताळं, जमिनीपासून छतापर्यंत:
टेपची रिळं, कॅसेटी, जड तबकड्या,
आणि वजनाच्या बाद दाखल्यांवर, पाठकोऱ्या बाजूला,
त्याचं मुंगीएवढं अक्षर.
सप्तकाचे एकतीस तुकडे करून वाजवलेला ऑर्गन.
त्रेपन्न घंटा; एक तडकलेली, तिची नोंद वेगळी.
कोशित्सेचा कुणी शाळामास्तर,
ज्याने हार्मोनियमचे रीड कानशीने असे घासले
की शाळेने ती पेटी परतच घेतली नाही.
दोन भोंगे, चार तास, एकमेकांच्या अगदी जवळ
आणि तरी एक न होणारे.
मधल्या फटीत धडधड होते बघ, म्हणायचा, ती ऐक.
ऐकली मी. तेवढ्यात दूध उतू गेलं.

मला पोल्का आवडतो, सांगून टाकते.
सुरुवात असते, शेवट असतो, मध्ये बिअर.
पण एका छपराखाली बेचाळीस वर्षं काढली
की कानही जुन्या भाडेकरूसारखे होतात,
तक्रारी करकरून गप्प.
हल्ली लिफ्टची घरघर आणि फ्रिजची घरघर
एकमेकींशी जुळत नाहीत, हे मला कळतं.
हे कळायची मला काही गरज नव्हती.

फेब्रुवारीत डॉक्टर पेखाचकोवांनी
त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले.
एक सूर दिला, आधी उजवीकडे, मग डावीकडे.
"दोन आहेत," लुबोर म्हणाला.
एकच आहे, त्या म्हणाल्या.
"दोन. डावा उतरलाय. पाव सुराला जरा कमी.
यंत्र तपासून घ्या."
यंत्राचा दाखला भिंतीवरच होता.
तो उठला, चष्मा लावून तारीख वाचली,
शिक्का नखाने खरवडून पाहिला.
शिक्का खरा होता.

ट्रॅममध्ये तो काही बोलला नाही.
झिदेनित्सेचा थांबा आला, मीच त्याला दंडाला धरून उतरवलं.

त्या रात्रीपासून फडताळं रिकामी व्हायला लागली.
एका कानात कापूस घालून तो ऐकतो,
मग कापूस काढून दुसऱ्यात.
त्रेपन्न घंटांच्या एकशे सहा झाल्या.
प्रत्येक कार्डावर, जुन्या आकड्याशेजारी,
आता दोन रकाने: उ. आणि डा.
कुठला खरा, विचारलं मी.
"माझी वजनं कुणी तपासलीच नव्हती," एवढंच म्हणाला.

परवा त्या ढिगात मला एक कार्ड सापडलं.
*ड्राहा. गुणगुण. आलुबुखारचा मुरंबा ढवळताना.
ऑक्टोबर १९८६.
तिसरा सूर अठरा सेंट खाली.
दर खेपेला, नेमका.*

मला न विचारता.
तडकलेली घंटा आणि भोंगे यांच्या मध्ये
छत्तीस वर्षं मी कणसूर बसलेली.
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी तो "नेमका" आठवला.
हा शब्द त्याने बाजारात कुणाला दिल्याचं
माझ्या ऐकिवात नाही.

कार्डावरचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.

आज मी पातेलं चढवलं तर
तो येऊन दारात उभा राहिला, चौकटीला टेकून.
त्याने काही मागितलं नाही.
मीही मुद्दाम काही गायले नाही,
पण उलथनं बराच वेळ फिरत होतं,
आणि तोंड बंद ठेवून ढवळायची मला सवय नाही.
कापूस त्याच्या कुठल्या कानात होता
ते माझ्या बाजूने दिसत नव्हतं.